गल्लीतली लाइट गेली तर

९ जानेवारी

मामा,

फोनच केला असता. पण गेल्या खेपेला तुम्ही माझं अर्धंमुर्धं ऐकून "मजेत आहेस ना, बरं झालं" म्हणालात आणि ठेवून दिलात. मी तेव्हा रडत होते. म्हणून हे पत्र. आता कान नाही, डोळे वापरा.

सासूबाईंना घरी ऑक्सिजनचं मशीन लागतं हे तुम्हाला माहीत आहे. उशाशी ठेवायच्या टेबलाएवढं मशीन, भिंतीतल्या प्लगवर चालतं, हवेतूनच ऑक्सिजन वेगळा काढून नळीनं नाकाला देतं. दुपारी जेवल्यावर दोन तास आणि रात्री झोपेत पूर्ण वेळ, असं डॉक्टरांनी सांगितलंय. पण हे सगळं लाइट असेपर्यंत. गेल्या मंगळवारी एक वाजता लाइट गेली ती सव्वापाचला आली. अडीअडचणीला ठेवलेला छोटा सिलिंडर तीनलाच संपला. मी कारखान्यात होते, एका म्हातारबांच्या कवळीचे पुढचे दात बसवत होते. शेजारणीनं निरोप धाडला तशी धावत आले. आई खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही हात रोवून बसलेल्या, ओठ जांभळे. मला बघून म्हणतात काय, "काम टाकून कशाला आलीस?"

दुसऱ्या दिवशी मोठे भाऊजी आले. वरचा मजला त्यांचा, पण ते राहतात शहरात, नवव्या मजल्यावर. तिथे जनरेटर आहे. त्यांनी परस्पर ठरवून टाकलं की मार्चअखेर आईंना तिकडे न्यायचं. "मग हे घर ठेवून तरी काय करायचं, तेही बघू," हे मात्र ते भिंतीकडे बघून म्हणाले. मी कुठे जायचं ते भिंतीनंही सांगितलं नाही. हे गेले त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून आई आणि मी, एवढंच घर आहे.

भाऊजी असेपर्यंत आई गप्प होत्या. ते गेल्यावर म्हणाल्या, "मला सामान समजलाय का तो?"

मामा, मला यांना घालवायचं नाही आणि मलाही जायचं नाही. सोलरच्या कंपनीचा एक माणूस येऊन गेला. उन्हातही गळ्यात टाय. तो म्हणतो, पाच किलोवॅट बसवा, सगळं घर चालेल, एसीसुद्धा. आमच्याकडे एसी नाही. तीन लाख सांगतो, आठ वर्षं हप्ते. माझ्याजवळ कवळ्या घडवून साठवलेले एक लाख दहा हजार आहेत, त्यापलीकडे काही नाही. महिनाअखेरीपर्यंत सही केली तर सूट आहे म्हणे.

सही करू का?

तुमची ठिणगी


१७ जानेवारी

ठिणगे,

सही करू नकोस. हे आधी लिहिलं, कारण तू पत्र पुरतं वाचत नाहीस. पाच वर्षांची असताना "हात लावू नकोस" एवढं ऐकण्याआधीच तू सॉकेटमध्ये केसांचा आकडा घातला होतास. तेव्हापासून हे नाव पडलं.

त्या टायवाल्याला एकच विचार: गल्लीतली लाइट गेली तर तुझं सोलर चालेल का? तो हो म्हणाला, तर बॅटरी कुठे आहे ती दाखव म्हण.

कारण असं. बिल कमी करणारं जे सोलर असतं ते बाहेरच्या लाइनला जोडलेलं असतं आणि त्याला बॅटरी नसते. बाहेरची लाइट गेली की ते स्वतःहून बंद पडतं, डोक्यावर रणरणतं ऊन असलं तरी. ते मुद्दाम तसं केलेलं असतं. नाहीतर खांबावर चढलेल्या माणसाला तुझ्या गच्चीवरून शॉक बसेल. मी चौतीस वर्षं खांबावर चढलोय. नियम चांगला आहे, फक्त विहीणबाईंच्या उपयोगाचा नाही. तेव्हा तुला बिल वाचवायचंय की श्वास, ते आधी ठरव.

श्वास असेल तर सगळं घर विसर. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. मी म्हणतो आधी पाय मोज. मशीनच्या पाठीमागे एक चिठ्ठी चिकटवलेली असेल, त्यावर किती वॅट लिहिलंय ते कळव. लाइट नसताना काय काय चालायलाच हवं, त्याची यादी कर. आणि गच्चीवर खडूनं सावल्या आख: सकाळी नऊला, बाराला, चारला. जिथे तिन्ही वेळी सावली पडत नाही तेवढीच जागा आपली. पॅनलच्या एका कोपऱ्यावर टाकीची सावली पडली तरी सगळी ओळ सुस्तावते.

दीर रागावलेला नाही, घाबरलेला आहे. पण घाबरलेल्या माणसाच्या हातात किल्ल्या देऊ नयेत.

मी इकडे कामात आहे. रोज कुणाचं ना कुणाचं काहीतरी बिघडतं आणि मलाच बोलावतात. तरी उत्तराला वेळ काढीन.

मामा


३० जानेवारी

मामा,

टायवाला काल सहीचा कागद घेऊन आला. मी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि तुमचा प्रश्न विचारला.

"लाइट गेली तर?" तो म्हणाला, "हल्ली जातेच कुठे एवढी?"

"याच महिन्यात एका मंगळवारी चार तास गेली होती."

"ते अपवादात्मक आहे, मॅडम."

आतल्या खोलीतून आईंचा आवाज आला. तुम्हाला माहीत आहे, त्या तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या, पडद्याआडून बोलायची सवय आहे. "अहो, चालेल की नाही? एका शब्दात सांगा. मी लांब वाक्यं ऐकत नाही, मला दम लागतो."

टायवाल्यानं कागद पिशवीत घातला. "बॅटरीचा पर्याय वेगळा पडेल," म्हणाला. किती वेगळा? आणखी दीड लाख. मी म्हटलं, मग आधी सांगितलं का नाही? तर म्हणतो, तुम्ही विचारलं नाहीत. मी त्याला दारापर्यंत पोचवलं. सूट उद्या संपतेय असं तो फाटकातूनही सांगत होता.

आता तुमचा अभ्यास. मशीनच्या चिठ्ठीवर तीनशे वॅट आहे. यादी करायला मी आणि आई वही घेऊन बसलो. मी लिहायचं आणि त्यांनी खोडायचं. इस्त्री नको. मिक्सर नको. फ्रिज मी लिहिला तर म्हणाल्या, "दूध नासेल तर नासू दे, मी नासले नाही म्हणजे झालं." उरलं ते असं: मशीन, त्यांच्या खोलीतला एक पंखा, दोन दिवे आणि फोन चार्ज करायचा एक प्लग. एवढ्यावर आमचं भागतं.

अडलंय ते गच्चीपाशी. गच्चीचा जिना वरच्या मजल्यातून जातो आणि त्या दाराला भाऊजींचं कुलूप आहे. किल्ली मागितली तर म्हणाले, "छताला भोकं पाडायची नाहीत. आणि दोन महिन्यांसाठी हा खटाटोप कशाला? आईला न्यायचंच आहे." मी म्हटलं, आईंना विचारलंत का? तर म्हणाले, "आजारी माणसाला काय विचारायचं?"

मामा, मी आयुष्यात कधी भाऊजींना उलट बोलले नव्हते. परवा बोलले. "दात दुखतो तेव्हा तुम्ही दाताला विचारत नाही, पण माणसाला तर विचारता ना," असं काहीतरी. नीट जमलं नाही, पण बोलले. त्यांनी फोन ठेवला.

किल्ली नसली तर नसो. परसातून शिडी लावून गच्चीवर जाता येतं. येत्या रविवारी खडू घेऊन चढतेच.

तुमची ठिणगी


५ फेब्रुवारी

ठिणगे,

तुझं पत्र आत्ता हातात पडलं आणि आत्ताच लिहायला बसलो. शिडीवर एकटी चढू नकोस. खाली धरायला माणूस असल्याशिवाय मी कधी पहिल्या पायरीवरसुद्धा पाय ठेवला नाही. हे पत्र रविवारच्या आधी पोचणार नाही हे मला कळतंय, कारण रविवार कालच झाला. तरी लिहितोय.

काय झालं ते लगेच कळव.

मामा


९ फेब्रुवारी

मामा,

पत्र मिळालं. काळजी करू नका. शिडी धरायला शेजारीण होती. सावल्या आखल्या. पाण्याच्या टाकीची सावली सकाळी पश्चिमेला, संध्याकाळी पूर्वेला. दक्षिणेच्या कठड्यालगत बारा फूट लांब, सात फूट रुंद जागा दिवसभर मोकळी. आता काय घेऊ ते सांगा. घाईत लिहितेय.

ठिणगी


१४ फेब्रुवारी

ठिणगे,

जागा उत्तम आहे. पण अक्षर बघून वाईट वाटलं. कोंबडीनं पाय बुडवून फिरावं तसं. कवळीत केसाच्या अंतरानं दात बसवणारी पोर तू. मामाला चार ओळी लिहायच्या तर एवढा कंटाळा? माझा सल्ला नकोसा झाला असेल तर तसं सांग, मी रागावणार नाही. रागावलोय ते लपवाछपवीवर. आधीचं पत्र दोन पानांचं आणि हे पोस्टाच्या तिकिटाएवढं. तिकडे काही बिनसलंय का?

असो. कामाचं लिहितो. चारशे वॅटची तीन पॅनल त्या जागेत बसतील. बॅटऱ्या मोठ्या, पाणी घालायच्या, दोन घे. ट्रकला असतात त्या जातीच्या पण घरच्या इन्व्हर्टरसाठी बनवलेल्या. स्वस्त असतात आणि मी जन्मभर त्याच वापरल्या. इन्व्हर्टर मात्र प्युअर साइन वेव्हचा हवा. साधा इन्व्हर्टर वीज देतो ती ओबडधोबड, खडीच्या रस्त्यासारखी. दिवा चालेल, पण औषधोपचाराचं मशीन गरम होतं, ओरडतं, मरतंसुद्धा. तिथे पैसे वाचवू नकोस. पॅनलवर कंपनीचं नाव थोडं कमी प्रसिद्ध असलं तरी चालेल, गॅरंटीचा कागद मात्र शिक्क्यासकट घे.

उत्तर नीट बसून लिही.

मामा


२४ फेब्रुवारी

व्याहीबुवांस नमस्कार.

आपण कधी एकमेकांना लिहिलेलं नाही. लग्नात पाच मिनिटं बोललो होतो, तेही पंख्याच्या वायरविषयी. हे पत्र मी सुनेच्या नकळत लिहीत आहे. दुपारचे दोन तास नाकात नळी असते, तेव्हा ती मला एकटीला सोडते. बोलायला दम लागतो, लिहायला लागत नाही. फार दिवसांनी लांब वाक्यं वापरायला मिळताहेत.

तुम्ही तिच्या अक्षरावर रागावलात. ते पत्र तिनं डाव्या हातानं लिहिलं होतं. त्या रविवारी शिडी धरायला कुणीही नव्हतं. उतरताना खालून चौथ्या पायरीवर शिडी सरकली आणि ही उजव्या हातावर आली. मनगटाचं हाड मोडलं. मला आवाज ऐकू आला आणि मला उठून धावता आलं नाही, हे मी कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हालाच सांगते. ती स्वतः उठली, दारात आली आणि म्हणाली, "आई, सावल्या आखून झाल्या." मग खाली बसली.

हात आठ आठवडे प्लास्टरमध्ये राहणार आहे. जन्मभर प्लास्टरमध्ये दुसऱ्यांचे दात घडवले, आता ते माझ्यावर उलटलं, असं म्हणून हसते. पण कारखान्यात जाता येत नाही आणि मालकानं तिच्या जागी दुसऱ्या कुणाला बसवलंय. तुमचं रागाचं पत्र वाचून ती दोन दिवस नीट जेवली नाही. तरी तुम्हाला खरं लिहू देईना. "मामा धावत येतील, त्यांची कामं खोळंबतील," म्हणते.

आता माझ्या मुलाविषयी. तो वाईट नाही. त्या मंगळवारी मी फोनवर त्याच्याशी बोलू शकले नाही, नुसता माझा श्वास त्यानं ऐकला. तेव्हापासून त्याला झोप नाही. हे मला कळतं. पण त्याला झोप लागावी म्हणून मी माझं घर सोडायचं, हे काही मला पटलेलं नाही. मी बहात्तर वर्षांची आहे. तीस वर्षं लोकांचे फोन जोडून दिले, कुणाचं बोलणं मध्येच तोडलं नाही. माझंही मध्येच कुणी तोडू नये.

हे घर माझ्या नावावर आहे. मी ते कधी बोलून दाखवलं नव्हतं, कारण आईनं मुलाला कागद दाखवायचे नसतात. काल दाखवले. म्हणजे त्याला चार ओळी लिहून पाठवल्या की गच्ची माझी आहे, जिना माझा आहे, आणि तुझं कुलूप मी आज काढून घेतलं. कुलूपवाला कालच येऊन गेला. दहा मिनिटांत काढलं.

आता गच्ची मोकळी आहे आणि आमच्यात वर चढून काम करील असं धड एकही माणूस नाही. एक धापा टाकतेय, दुसरीचा हात गळ्यात. तुम्ही येऊ शकाल का, असं विचारत नाही. कुणाला पाठवू शकाल का, एवढंच विचारते.

आपली विहीण


२ मार्च

विहीणबाई,

तुमचं पत्र वाचून बराच वेळ चष्मा पुसत बसलो. मग ठरवलं की तुम्ही इतकं खरं लिहिलंत तर मीही लिहावं.

मला कसलीही कामं नाहीत. दोन वर्षांपूर्वी एकदा स्टुलावर चक्कर आली. तेव्हापासून मुलानं माझी हत्यारांची पिशवी माळ्यावर टाकली आणि शेजारीपाजारी सांगून ठेवलं की बाबांना बोलवायचं नाही. तो नेमानं औषधं आणतो, माझ्यासाठी खुर्ची उन्हात ठेवतो. तुमचा मुलगा तुम्हाला नवव्या मजल्यावर नेतोय, माझ्या मुलानं मला खुर्चीत ठेवलंय. दोघांचीही माया खरी आहे. फक्त तिच्याखाली गुदमरायला होतं.

दुसरं. सोलरचं मला काही येत नव्हतं. भाचीचं पहिलं पत्र आलं तेव्हा लाइन गेली की तेही बंद पडतं, एवढंच ठाऊक होतं. बाकी सगळं तेव्हापासून शिकलो. इथे बाजारात एक बाई सोलरचं दुकान चालवतात. मी रोज सकाळी जाऊन बसतो. मला ऐकू येत नाही म्हणून त्या गिऱ्हाईक नसताना कागदावर लिहून समजावतात. चार वह्या भरल्या. पोरीला मी पाण्याच्या बॅटऱ्या घे असं लिहिलं, ते त्यांना दाखवलं तर त्यांनी कागदावर एकच शब्द लिहिला: "का?" मी म्हटलं, स्वस्त. त्यांनी हिशेब मांडून दाखवला. त्या बॅटरीतली निम्मीच वीज वापरायची, जास्त वापरली तर ती लवकर मरते. चार वर्षांत पुन्हा नवी. शिवाय वाफ सोडते, म्हणजे आजाऱ्याच्या खोलीजवळ ठेवायला नको. लिथियमची एक बॅटरी महाग, पण जवळजवळ पूर्ण वापरता येते आणि दहा वर्षं बघायला नको. चौतीस वर्षं ज्या बॅटरीची बाजू घेतली तिची बाजू सोडताना जड गेलं. सोडली.

तेव्हा तिला सांगा, आधीचा सल्ला रद्द. तीन पॅनल, एक लिथियम बॅटरी, एक चांगला इन्व्हर्टर. पूर्ण भरलेल्या बॅटरीवर मशीन सात तास चालेल. रात्री त्यापुढे छोटा सिलिंडर. सकाळी ऊन आलं की पुन्हा भरायला सुरुवात. तिच्या पैशात बसतं. लोखंडी सांगाडा तुमच्याकडच्या वेल्डरकडून करवून घ्यायचा आणि कठड्याला कसायचा. छताला एकही भोक पडणार नाही, हे चिरंजीवांना जरूर कळवा.

कुणाला पाठवू, असं विचारलंत. मी स्वतः येतोय. मुलाला विचारलं तर तो नको म्हणेल, म्हणून विचारत नाही. माळ्यावरून पिशवी काढायला दुकानातल्या बाईच येणार आहेत. मी शिडीवर चढणार नाही, हा शब्द देतो. तुमच्याकडे आता जिना आहे.

तिच्या अक्षरावरून बोललो, त्याची माफी मी समोर मागेन. चिठ्ठीत मागण्यासारखी ती नाही.

आपला व्याही


२२ मार्च

ठिणगे,

सुखरूप पोचलो. मुलगा स्टेशनवर उभा होता. घरापर्यंत तो काय काय बोलत होता. मला ऐकू येत नाही याचा एवढा उपयोग आजवर झाला नव्हता. घरी आल्यावर त्यानं पिशवी हातात घेतली, मला वाटलं निघाली माळ्यावर. पण त्यानं ती दाराजवळच्या खुंटीला लावली आणि कागदावर लिहून दिलं, "पुढच्या वेळी मला सांगून जा." मी लिहिलं, "सांगेन. विचारणार नाही." त्यानं कागद खिशात घातला. मग चहा टाकला.

दुकानातल्या बाईंनी सगळं विचारून घेतलं. गच्चीवर मी खुर्चीत छत्री धरून बसलोय, वेल्डर नट कसतोय, तू डाव्या हातानं वायरींना खुणेचे कागद चिकटवतेयस आणि खालून विहीणबाई दर पाच मिनिटांनी "झालं का?" विचारताहेत, हे ऐकून त्या खूप हसल्या. मग गंभीर होऊन लिहिलं की बॅटरीचा स्विच खाटेपासून हाताच्या अंतरावर ठेवलात ते चांगलं केलंत. तो तुझा विचार होता हे मी सांगितलं.

दर पंधरवड्याला पॅनल ओल्या फडक्यानं पूस, सकाळी थंड असताना. यादीबाहेरचं काही त्या प्लगला लावायचं नाही. कुणीही मागितलं तरी.

महिना संपत आला. दीर येणार म्हणाला होता. आला की घाबरू नकोस.

मामा


३ एप्रिल

मामा,

प्लास्टर निघालं. हे उजव्या हातानं लिहितेय, अक्षर अजून थोडं थरथरतं, त्यावर आता काही बोलू नका. मनगट वळवताना दुखतं. तरी सोमवारी कारखान्यात गेले. मालक म्हणाले, तुझ्या जागी माणूस आहे. मी म्हटलं, त्यानं बसवलेली कवळी आणा. आणली. मी ती उलटी धरून दाखवली, मागचे दात एका बाजूला टेकत होते. मालकांनी दोन मिनिटं बघितलं आणि माझं टेबल रिकामं करून दिलं. त्या माणसाला काढायचं नाही एवढं मात्र मी कबूल करून घेतलं. त्याला मी शिकवीन.

आता खरं ते ऐका. अठ्ठावीस तारखेला कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळाला. आधी धूर, मग सगळी गल्ली बंद. वीज मंडळाची माणसं येऊन बघून गेली, म्हणाली नवा आणायला दोन दिवस लागतील. प्रत्यक्षात लागले तीन.

पहिल्या रात्री मी खाटेशेजारी खुर्ची टाकून बसले, बॅटरीवरचा आकडा बघत. आई म्हणाल्या, "तू त्याच्याकडे बघतेस म्हणून तो लवकर उतरतोय. झोप." मी झोपले नाही, त्या झोपल्या. पहाटे शेवटचा दीड तास सिलिंडर लावला. उजाडल्यावर गच्चीवर गेले आणि उन्हाची वाट बघत उभी राहिले. आठ वाजता कठड्यावर ऊन आलं, इन्व्हर्टरचा दिवा हिरवा झाला आणि मी खाली येऊन आईंना चहा दिला. फक्त एवढंच झालं. पण मामा, एवढंच व्हायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, भाऊजी आले. ठरल्या दिवशीच. बरोबर रुग्णवाहिका, आत ऑक्सिजनचा मोठा सिलिंडर, स्ट्रेचर, सगळं. गल्लीत दोन दिवस लाइट नाही हे त्यांना फाटकातच शेजारणीनं सांगितलं असणार, कारण ते धावत आत आले. चपलासुद्धा काढल्या नाहीत. आणि खोलीच्या दारातच थांबले.

मशीन चालू होतं. पंखा चालू होता. आई नळी लावून, उशीला टेकून पेपर वाचत होत्या.

भाऊजींनी भिंतीवरचं बटण दाबून बघितलं, बाहेरच्या खोलीतला दिवा लागला नाही. मग पुन्हा मशीनकडे बघितलं.

"किती वेळ चालतं हे?" त्यांनी मला विचारलं.

"मला विचार," आई म्हणाल्या. "मी वापरते."

"बरं, आई. किती वेळ?"

"परवापासून चालतंय."

ते खाटेच्या कडेला बसले. म्हणाले, "आज चाललं. पण समजा बंद पडलं? मी तिकडे, तू इकडे. मी काय करायचं?"

आईंनी पेपर खाली ठेवला. "तू यायचंस. जसा आज आलास तसा. पण न्यायला नाही, भेटायला. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलंय, फुप्फुसं सुधारणार नाहीत. किती दिवस ते माझ्या हातात नाही. कुठे, ते आहे. मी इथे आहे."

"आणि हिनं एकटीनं सगळं करायचं?"

हे माझ्यावर आलं तेव्हा तुमचं "घाबरू नकोस" खिशात होतं, खरोखरच खिशात, पत्र घडी करून. मी म्हटलं, "एकटीनं नाही. सिलिंडर भरून आणायचं काम तुमचं. दर आठवड्याला. आणि वरचा मजला उघडा ठेवा, तुम्ही आलात की राहायला. पण भाऊजी, या घराविषयी यापुढे भिंतीशी बोलायचं नाही. आईंशी बोलायचं, आणि माझ्याशी."

मला वाटलं, आता उठतील आणि जातील. ते उठले, पण जिन्याकडे गेले. गच्चीवर बराच वेळ होते. सांगाडा हलवून बघितल्याचा आवाज आला. खाली आले तेव्हा गुडघ्यांना धूळ लागली होती. भोकं शोधली असणार. "वेल्डिंग चांगलं केलंय," एवढंच म्हणाले. मग खिशातून फोन काढला, तो बंद पडला होता, आणि आईंना विचारलं, "हा लावू का त्या प्लगला?"

आईंनी माझ्याकडे बघितलं. फोन यादीत होता. मी मान हलवली.

फोन थोडा भरला तसं ते सिलिंडरच्या दुकानदाराशी बोलायला बाहेर गेले. मी खिडकीतून बघत होते. रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर स्ट्रेचर अर्धं बाहेर काढून उभा होता. त्यानं विचारलं, "साहेब, पेशंट कुठेत?"

भाऊजींनी स्ट्रेचरला हात लावून ते पुन्हा आत ढकललं.

"आत आहे," ते म्हणाले. "येत नाही म्हणते."

तुमची ठिणगी